पाय शाबूत ठेवणारी गाडी

कारखान्यात बदली झाल्याचं कळलं तेव्हा मेजरने मनातल्या मनात वरिष्ठांच्या नावाने बोटं मोडली. डोंगरातली आपली तुकडी सोडायची आणि खडी वाहायचे डंपर बनवणाऱ्या कारखान्यात जाऊन बसायचं! काम काय, तर सुरुंगावरून गेली तरी आतले जवान जिवंत राहतील अशी गाडी तिथले लोक बनवत होते, तिच्यावर सैन्याच्या वतीने नजर ठेवायची. बाहेरून मागवलेल्या तसल्या गाड्या मेजरने चालवून पाहिल्या होत्या. त्या इतक्या जड, की डोंगरातले पूल त्यांच्याखाली कण्हायचे. शिवाय एखादा भाग मोडला की तो समुद्रापलीकडून येईपर्यंत गाडीच्या चाकांना वेल चढायची वेळ यायची. म्हणून आता आपली गाडी आपणच बनवायची असं ठरलं होतं. ठरवायला काय जातं, असं मेजरचं स्पष्ट मत होतं.

तो राहायला गेला ताईकडे. ताई त्याची मोठी बहीण, शाळेत भूगोल शिकवायची. दाजींचं कानाच्या यंत्रांचं दुकान होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात बैठकीतला लांब सोफा मेजरच्या वाट्याला आला, आणि त्याबरोबर दाजींची भुणभुणही. एका जुन्या स्फोटानंतर मेजरचा डावा कान मंदावला होता. त्याला दुकानात नेऊन तपासायचंच, असा दाजींनी चंग बांधला होता.

"अहो, राहू द्या," ताई म्हणायची. "त्याला नको तेवढंच ऐकू येत नाही. लहानपणापासूनची सोय आहे ती त्याची."

कारखान्याच्या मोठ्या शेडमध्ये मेजर पहिल्यांदा शिरला तेव्हा तिथे लाकडाचा एक भला मोठा सांगाडा उभा होता. वरून खोक्यासारखा, पण खाली निमुळता होत गेलेला, दोन तळहात जोडून ओंजळ करावी तसा.

"ही गाडी आहे की होडी?" तो म्हणाला.

"होडीच समजा," मागून कुणीतरी म्हणालं. "फक्त हिच्याखाली पाणी नाही, आग येणार आहे."

त्या बाई होत्या. गाडीचा सगळा आराखडा त्यांचा. अर्धं आयुष्य त्यांनी डंपर आखण्यात घालवलं होतं. कारखान्यात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून मालकापर्यंत सगळ्यांच्या त्या 'बाई' होत्या. ठेंगण्या, घोटीव बांध्याच्या, अंगावर कामगारांचाच राखाडी डगला, आणि बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता त्याच्या बुटांकडे बघायची सवय.

मेजरच्या चेहऱ्यावरची शंका त्यांनी बुटांवरूनच ओळखली असावी. काही न बोलता त्या त्याला बाहेर नळाशी घेऊन गेल्या, पत्र्याचा एक सपाट तुकडा त्याच्या हातात दिला आणि "आडवा धरा" म्हणाल्या. मग गाड्या धुवायच्या जोरदार फवाऱ्याचं तोंड त्यांनी खालून पत्र्यावर धरलं. पत्रा मेजरच्या हातातून उडाला, तो थेट पलीकडच्या डंपरवर जाऊन आदळला. बाईंनी दुसरा तुकडा दिला. तेवढाच, पण मधोमध दुमडलेला. फवारा तोच. पाणी दोन्ही अंगांनी फाकून निघून गेलं. पत्रा हातात थरथरला, पण राहिला.

"सुरुंगाचा जोर अडवायला गेलं की तो माणसं मारतो," बाई म्हणाल्या. "त्याला जायला वाट दिली की तो जातो. चाकं, आस, जे काय बाहेर आहे ते घेऊन जाऊ दे त्याला. माणसं बसतात तेवढी कोठी आपली."

मेजर नखशिखांत भिजला होता. संध्याकाळी ताईने विचारलं, "कसा आहे कारखाना?" तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बाई हुशार आहे." आणि ताईने दाजींकडे असं पाहिलं, की जणू तिच्या भावाला बढती मिळाली होती.

त्यानंतरच्या दिवसांत मेजरने जे पाहिलं, त्याने त्याच्या मनातली अढी हळूहळू सुटत गेली. गाडीचा तळ बनवायला जाड चिलखती पोलाद लागायचं. दोन पत्रे तळाशी जोडले, तर स्फोटात नेमका तो सांधाच उसवायचा. छोट्या नमुन्यांवर तसं दोनदा झालं. मग एकच अखंड पत्रा दुमडायचा ठरलं, तर तो घडीवर तडकायचा. वेल्डिंग खात्याच्या प्रमुखाला सगळे उस्ताद म्हणत. हा माणूस अंगाने हत्ती आणि हाताने सोनार. तो आणि बाई यांची त्या पत्र्यावरून रोज जुंपायची.

"बाई, हे पोलाद आहे, पोळपाटावरची कणीक नव्हे."

"मग सावकाश दुमडा. कणीक तरी कुठे घाईने मळतात?"

उस्ताद तणतणत जायचा आणि सावकाश दुमडायला लागायचा. थोडंसं वाकवायचं, थांबायचं, कान लावून ऐकायचं, पुन्हा थोडं. बाई शेजारी उभ्या राहून तापमान सांगत राहायच्या. दोघांपैकी एकालाही दुसऱ्यावाचून ते काम जमलं नसतं. पहिला अखंड तळ न तडकता यंत्रातून बाहेर आला, तेव्हा उस्तादने त्यावर हात फिरवला आणि बाई चक्क त्याच्या पाठीवर थाप मारून गेल्या. मेजरने सैन्यात पुष्कळ शौर्य पाहिलं होतं. पण एकाच गोष्टीशी रोज नव्याने हरून रोज सकाळी ताज्या चेहऱ्याने कामाला येणारी माणसं तो पहिल्यांदाच पाहत होता.

मेजर त्यांना रस्त्यावरचे अनुभव सांगायचा. सुरुंग फुटला की खेळ संपत नाही, उलट तिथून सुरू होतो. झाडीत दबा धरलेले लोक लगेच गोळ्या झाडायला लागतात. बाई ऐकायच्या आणि बुटांकडे बघत मान हलवायच्या.

गावापासून लांबच्या माळावर पहिली पूर्ण चाचणी झाली. गाडीत माणसांच्या वजनाचे पुतळे बसवले होते, त्यांच्या अंगात ठिकठिकाणी धक्का मोजणारी यंत्रं. सगळे लांब खंदकात. स्फोट झाला तसा माळ हादरला, गाडीचं पुढचं चाक पतंगासारखं आभाळात गेलं, गाडी उचलली गेली आणि धाडकन पुन्हा खाली बसली. धूळ खाली बसल्यावर पाहिलं, तर कोठीला खरचटल्यापलीकडे काही नाही! मालक नाचायचेच बाकी राहिले. उस्तादने मेजरला मिठी मारली, ती मेजरच्या बरगड्यांना चांगली लक्षात राहिली.

बाई तेवढ्यात आत शिरल्या होत्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या, तेव्हा मालकांचा पुढे केलेला हात त्यांना दिसलाच नाही.

"गाडी वाचली," त्या म्हणाल्या. "माणसं नाही."

"म्हणजे?" मेजर पुढे झाला. "मान, पाठ, छाती?"

"ते सगळं ठीक. पाय. तळ आत दबला आणि त्याने तळव्यांवर लाथ मारली. यांच्या जागी माणसं असती, तर घोट्यापासून खालच्या हाडांचा चुरा झाला असता. सगळ्यांच्याच."

मेजरचा संयम सुटला. "बाई, तिथे आत्ता माणसं साध्या ट्रकमधून जातात. सुरुंग लागला की गोळा करायलासुद्धा काही उरत नाही. पाय गेले तरी जीव राहिला, हे काय कमी आहे? आहे तशी द्या गाडी. पाय पुढच्या खेपेला."

बाईंनी या वेळी बुटांकडे नाही, त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"फुटल्यावर झाडीतून गोळ्या येतात, हे तुम्हीच सांगितलंत. मग उतरून लढायचं कुणी? पाय नसलेली माणसं आत बसून राहिली, तर ही गाडी त्यांची वाट पाहत उभी असलेली शवपेटी आहे."

प्रश्न आता मेजरच्याच गळ्यात होता. गाडी घ्यायची की नाही, हे सैन्याला त्याने कळवायचं होतं. त्याने नुसतं 'पसंत' म्हटलं असतं, तर गाड्या रस्त्यावर यायला लागल्या असत्या. तो दिवसभर माळावर फिरत राहिला. शेवटी त्याने वरिष्ठांना फोन लावला आणि सांगितलं, "अजून तयार नाही." पलीकडून जे ऐकावं लागलं, ते त्याने मुद्दाम डाव्या कानाने ऐकलं.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी ती बातमी आली.

मेजरच्या जुन्या तुकडीत त्याचा एक ड्रायव्हर होता. सगळे त्याला रेडिओ म्हणायचे, कारण त्याची बडबड कधी थांबत नसे. घाटातल्या वळणांवर तो वळणाइतकीच लांब गोष्ट सांगायचा आणि नेमका शेवट सांगायच्या वेळी मुक्काम यायचा. त्याचा ट्रक सुरुंगावर गेला होता. मागचे दोघे जखमी होऊन वाचले. रेडिओ जागीच गेला.

ताईच्या घरात मेजर सोफ्यावर बसून राहिला. ताईने चहा ठेवला, तो निवला. दाजी त्या दिवशी कानाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. नुसते शेजारी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यात गेला तो तरातरा बाईंच्या टेबलाशी. सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तुमच्या पायांपायी माझा माणूस गेला. आणि माझ्या शब्दापायी. आपण दोघांनी मिळून मारला त्याला."

बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी बाजू मांडली नाही, समजूतही घातली नाही.

"तुमचं खरं आहे," त्या म्हणाल्या. "आणि पायांचंही खरं आहे. मला दोन्ही घेऊन काम करावं लागणार." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "उंचीला केवढा होता तो?"

मेजरला वाटलं, हिच्या छातीत काळीज आहे की लोखंड? तो पाठ फिरवून निघून गेला. आवारात डंपरच्या रांगेशी उभा राहिला. आणि तिथे उभ्या उभ्याच त्याच्या डोळ्यांपुढे रेडिओ आला. बुटका, रस्ता दिसावा म्हणून सीटवर कांबळ्याची घडी ठेवून तिच्यावर बसणारा, आणि मग सीटच्या कडेला सरकून पाय ताणणारा, कारण एरवी ते ब्रेकपर्यंत पोचायचेच नाहीत. मागे बसलेल्या जवानांचे पाय अधांतरी ठेवता येतील, पण ड्रायव्हरचे? त्याला पाय खाली ठेवावेच लागतात. सुरुंग पहिल्यांदा लागतो तो त्याच्याच चाकाखाली. बाईंनी उगाच विचारलं नव्हतं.

तो परत आत गेला. बाई अजून उभ्याच होत्या.

"माझ्या खांद्याला लागायचा," मेजर म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "सीटवर कांबळं घ्यायचा. तरी टाचा टेकायच्या नाहीत."

"बसा," बाई म्हणाल्या आणि कोरा कागद पुढे ओढला. त्यांचेही डोळे भरून आले होते. ते त्यांनी डगल्याच्या बाहीने पुसले आणि पेन्सिल उचलली. "तो बसायचा कसा, हात कुठे असायचे, पाठ टेकायची का, सगळं सांगा."

मेजर सांगत गेला. रेडिओबद्दल इतकं सविस्तर त्याने याआधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणी इतकं लक्ष देऊन ऐकलंही नव्हतं.

त्या कागदातून गाडीचं आतलं सगळं बदललं. पाय ठेवायची आतली जमीन तळावर टेकलेली होती, ती आता दोन्ही बाजूंच्या भिंतींना टांगली. तळ दबला तरी तिच्यापर्यंत पोचू नये एवढी मोकळी जागा खाली सोडली. जवानांच्या खुर्च्या छतापासून पट्ट्यांनी लोंबत्या केल्या, पाय ठेवायचा दांडा खुर्चीलाच. आणि ड्रायव्हरची खुर्ची, त्याच्या पायाखालची फळी, ब्रेक, क्लच असं सगळं मिळून एक अखंड पाळणा झाला. तो बुटक्यासाठी वर येई, उंचासाठी खाली जाई, आणि गाडीच्या तळाला कुठेच शिवत नसे. या पाळण्याने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. ब्रेक जड लागायचा, नाहीतर पाळणा खड्ड्यांत झुलायचा. उस्तादने त्याला धरणारे लोखंडी आधार इतक्या वेळा कापून पुन्हा जोडले, की शेवटी तो म्हणाला, "बाई, माझ्या पोरांना इतकं नाही झुलवलं मी पाळण्यात." बाईंना हसू आवरेना. चाचणीला चालवायला मेजर स्वतः बसायचा. कधी पाळणा अगदी वर घेऊन, गुडघे हनुवटीला लावून, बुटक्या माणसाला काय दिसतं आणि काय दिसत नाही ते बघत.

माळावर पुन्हा स्फोट झाला तेव्हा खंदकातून कुणी उठून नाचलं नाही. सगळे बाईंची वाट बघत उभे राहिले. बाई आत गेल्या, पुतळ्यांपाशी एकेक करून थांबल्या, ड्रायव्हरच्या पुतळ्यापाशी सगळ्यात जास्त. मग मागच्या दारातून त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"चालत घरी जातील," त्या म्हणाल्या.

मेजरने त्यांना कडक सलाम ठोकला. बाई गोंधळून त्याच्या बुटांकडे बघत राहिल्या.

गाड्या बनून डोंगरात गेल्या आणि मेजरही तुकडीत परत गेला. निघताना दाजींनी शेवटी त्याचा कान तपासलाच, आणि "उशीर केलास, पण यंत्र बसेल" असं जाहीर केलं. ताईने जिन्यात त्याला थांबवून विचारलं, "त्याच गाडीतून जाणार ना तू?" तो "हो" म्हणाला. भूगोल शिकवणाऱ्या ताईने मग डोळे पुसत, कुठल्या घाटात हवा कशी असते हे त्यालाच समजावून सांगितलं.

आणि एक दिवस ते झालं. तांबड्या मातीचा रस्ता, पुढे वळण. मेजर ड्रायव्हरच्या शेजारी होता. आवाज झाला असं त्याला नंतरही आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की समोरचा रस्ता अचानक खाली गेला आणि आभाळ काचेत आलं. मग सगळं वजन परत अंगावर आलं. गाडी एका कुशीला कलून उभी राहिली. कानांत नुसती शिट्टी. त्याने आधी बोटं हलवली ती पायांची. उजव्या पायाची. डाव्या पायाची. बुटांत दहाही बोटं आपापल्या जागी, हुकूम पाळत होती.

"पाय?" तो ओरडला. "सगळ्यांचे पाय?"

मागून एकेक आवाज आला. शाबूत. शाबूत. ड्रायव्हर पाळण्यात बसल्या बसल्या आपल्या टाचांकडे बघत होता, जणू त्या दुसऱ्याच कुणाच्या होत्या. पत्र्यावर गोळ्या ताडताड वाजायला लागल्या. मेजरने मागचं दार उघडायला सांगितलं आणि माणसं उतरली. स्वतःच्या पायांनी उतरली, पसरली, आडोसा धरून लढली. झाडीतल्यांची अपेक्षा काही वेगळीच असावी; थोड्याच वेळात ते पळाले. एका जवानाचं मनगट मुरगळलं होतं. एकाने जीभ चावली होती.

मेजरने तिथूनच कारखान्यात फोन लावून घेतला. त्याला काय काय बोलायचं होतं, पण बाईंचा आवाज ऐकला आणि तोंडून एवढंच निघालं.

"बाई," तो म्हणाला, "आम्ही चालतोय."

पलीकडून बाई म्हणाल्या, "गाडी धुवू नका. आहे तशी पाठवा."

गाडी लांबलचक ट्रेलरवरून कारखान्यात परत आली, तिच्याबरोबर मेजरही आला. शेडमधले सगळे भोवती जमले. चाक होतं तिथे नुसता काळा खड्डा. उस्तादने आपण दुमडलेल्या तळावर, जिथे आता नुसता पोचा होता तिथे, पुन्हा एकदा हात फिरवला आणि तोंड फिरवून उभा राहिला. लोक मेजरचे हात हातात घेत होते, त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. कुणीतरी हार आणायला माणूस धाडला होता.

बाई मात्र बॅटरी घेऊन केव्हाच आत गेल्या होत्या.

"मेजरसाहेब!" आतून हाक आली. आवाज काही आनंदाचा नव्हता. मेजर दारातून आत वाकला. बाई कोठीच्या मधोमध उकिडव्या बसल्या होत्या, आणि त्यांच्या हातात चेपलेली, काळीकुट्ट किटली होती.

"ही कुणी आणली? आणि हा हूक कुणी ठोकला छताला? माझ्या आराखड्यात नाही हा."

"पोरांनी," मेजर म्हणाला. "चहाची. लटकवून ठेवतात."

"ही कुणाच्या डोक्यात बसली असती तर? खालून वाचवायचं मी, आणि वरून किटलीने मारायचं तुम्ही?"

रणांगणावर न डगमगलेला मेजर शाळकरी पोरासारखा मान खाली घालून उभा राहिला. बाहेर उस्ताद खो खो हसत होता.

"पोरांना सांगून उपयोग नाही, बाई," मेजर शेवटी म्हणाला. "हूक काढला तर ते दुसरा ठोकतील. चहा लागतोच."

बाईंनी किटली हातात फिरवून पाहिली. तळाची रुंदी बोटांनी मापली, मग उंची, मग तोटीची लांबी. ड्रायव्हरच्या पाठीमागे भिंतीत थोडी जागा मोकळी होती. तिथे बॅटरीचा झोत टाकून त्या बघत राहिल्या.

"खण करता येईल," त्या पुटपुटल्या. "घट्ट झाकणाचा. उस्ताद, आत या जरा, आणि मापपट्टी आणा."

उस्ताद हत्तीसारखा अंग चोरत दारातून आत शिरला. बाहेर हार घेऊन आलेला माणूस ताटकळत उभा होता. आत तिघं जण दाटीवाटीने बसून, तोटी कुठल्या बाजूला ठेवायची यावरून हमरीतुमरीवर आले होते.